धरणे आणि सोडणे

ब्रेकचा इतिहास सांगताना आपण त्याच्या पकडीचे कौतुक करतो. सुटण्याकडे मात्र लक्ष देत नाही. डिस्क ब्रेकचे पेटंट बर्मिंगहॅमचे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले. तांब्याचे अस्तर धातूच्या चकतीवर घासून कर्कश आवाज होई. ती कल्पना मागे पडली. पुढे १९५३ साली फ्रान्समधील ले माँ येथे चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने याच ब्रेकच्या बळावर जिंकली, आणि १९५५ साली सित्रोएन डीएस या नित्य वापराच्या मोटारीत तो आला.

ड्रम ब्रेक मागे खेचण्यास स्प्रिंगा असतात. येथे ते काम दट्ट्याभोवतीचे रबरी कडे करते. पेडल दाबताच ते किंचित वाकते आणि सोडताच पूर्ववत होताना दट्ट्यास मागे ओढते. दट्ट्यास गंज चढला, की पॅड चकतीला घासत राहते.

ब्रेक फारसा न वापरताही एखादेच चाक तापले, तर संशय घ्यावा. गाडी भक्कम टेकूवर उचलून ते चाक हाताने फिरवून पाहावे. ते अडत असेल, तर ब्रेकमधील हवा काढण्याचा स्क्रू जरा सैल करावा. चाक मोकळे झाले, तर दाब मागे अडकला आहे. दोष बहुधा आतून फुगलेल्या रबरी नळीत किंवा मुख्य सिलिंडरात असतो. मोकळे न झाल्यास दट्ट्याच अडकला असावा.

हयगय केल्यास उष्णतेने ब्रेकचे तेल उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल पोकळ जाते. जो ब्रेक सुटत नाही, तो ऐन वेळी धरतही नाही.