'लघु' या विशेषणाचा इतिहास : शहापूर-मुरबाडमधील जलविद्युत

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील लघु जलविद्युत-केंद्रांचे पर्यावरणावरील परिणाम, हा विषय पदव्युत्तर प्रबंधासाठी निवडणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती नदीकाठी नव्हे, तर शब्दातच. 'लघु' कशास म्हणावयाचे? भारत सरकारच्या वर्गीकरणानुसार २५ मेगावॅटपर्यंत क्षमतेचे केंद्र 'लघु' होय. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनेही हीच रेषा स्वीकारली. त्याहून कमी क्षमतेच्या जलविद्युत-प्रकल्पास केवळ विजेच्या निकषावर पूर्वमंजुरी घ्यावी लागत नाही. हे विशेषण अशा रीतीने यंत्राच्या शक्तीवरून ठरते. धरणाची उंची, बुडालेली जमीन किंवा अडलेली नदी यांचा त्यात कोठेही उल्लेख नाही.

या प्रदेशाचा इतिहास पाहता ही उणीव लहान वाटत नाही. सह्याद्रीच्या उतारावरून पाणी खाली सोडून वीज निर्माण करण्याचा उद्योग खोपोलीस १९१५ मध्ये व मुरबाडच्या दक्षिणेस भिवपुरीस १९२२ मध्ये सुरू झाला. शहापुरातील पाण्याचा प्रवास मात्र निराळ्या हेतूने, आणि त्याही आधी, ठरला होता. १८९२ मध्ये तानसा पूर्ण झाले, पुढे मोडकसागर झाले, २०१४ मध्ये मध्य वैतरणा झाले. ही सर्व धरणे मुंबईच्या तहानेसाठी. येथे वीज आली ती बहुधा पाण्याच्या मागोमाग, जोडउत्पन्न म्हणून.

भातसा हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. तेथील वीजगृहाची क्षमता १५ मेगावॅट, म्हणजे वर्गीकरणाप्रमाणे ते निःसंशय 'लघु'. परंतु धरणाची उंची सुमारे ८८ मीटर आहे. जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर, १९८३ च्या मे महिन्यापासून या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्या वर्षी १५ सप्टेंबरचा धक्का ४.९ तीव्रतेचा होता. डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप लोकांच्या स्मरणात ताजा असताना हे घडले, आणि भूशास्त्रज्ञांनी भातशाची गणना जलाशयप्रेरित भूकंपांच्या उदाहरणांत केली.

आता प्रश्न असा की हा परिणाम वीजगृहाच्या खाती मांडावयाचा काय? पाणीपुरवठा व सिंचन यांसाठी धरण व्हावयाचेच होते, वीजगृह त्याच्या पायथ्याशी बसविले गेले, असे उत्तर कोणी देईल. ते असत्य नाही. परंतु ते पुरेसेही नाही. 'आयत्या पाण्यावरची निरुपद्रवी वीज' असे ज्याचे वर्णन करावयाचे, त्या विजेचे पाणी आयते कसे झाले हे सांगण्याचे टाळता येत नाही. धरणाचे परिणाम व वीजगृहाचे परिणाम यांचे रकाने अभ्यासकाने वेगळे ठेवावेत, मात्र पहिला रकाना कोरा सोडू नये.

दुसऱ्या रकान्यातही लिहिण्यासारखे बरेच आहे. भातशाचे पाणी नदीपात्रातून वाहत खाली पिसे येथे येते आणि तेथून मुंबईसाठी उचलले जाते. पावसाळ्यात फुगणारी व उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी कोकणी नदी त्यामुळे बारमाही झाली. केव्हा किती पाणी सोडावयाचे, हे ऋतूने ठरविण्याऐवजी दूरच्या गरजेने ठरू लागले. याच तालुक्यांतील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरने पाणी पोहोचवावे लागते, ही गोष्ट नदीच्या या बारमाहीपणाशेजारी ठेवून वाचावी.

चोंढे येथे खालचा जलाशय असलेला घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन-प्रकल्प (२००८) आकारामुळेच या चर्चेबाहेर राहतो. मुरबाडमधील काळू धरण मात्र ध्यानात घ्यावे लागते. वनजमिनीची मंजुरी मिळण्यापूर्वीच सुरू झालेले त्याचे काम २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थांबविले. ते धरण पाणीपुरवठ्याचे. पण भातशाचा अनुभव पाहता अशा धरणाच्या पायथ्याशी पुढे 'लघु' वीजगृह येऊ शकते, आणि त्या वेळी बुडिताचा प्रश्न जुना ठरलेला असेल.

मोजमापाच्या साधनांबरोबर अभ्यासकाने येथे एक शब्द जवळ बाळगावा : वलगण. पहिल्या पावसात अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत व शेतांत चढतात, त्यास ठाणे-रायगड भागात हे नाव आहे. बांध आडवा आला की ही चढण खुंटते. धरणापूर्वीच्या माशांची नोंद कार्यालयात सापडेलच असे नाही. परंतु नदीवर मासेमारी करणाऱ्या कातकरी व ठाकूर वृद्धांना कोणत्या ओढ्यास वलगण 'लागते' आणि कोणत्या ओढ्यास 'लागत असे', एवढे विचारावे. क्रियापदाचा काळ गावागणिक टिपून घेतला आणि तो धरणांच्या नकाशावर मांडला, तर माशांच्या वाटा कोठे तुटल्या याचा पहिला आराखडा हाती येईल. पुढील पावसाळ्यात जाळे घेऊन कोठे उभे राहावयाचे, हेही त्यावरूनच ठरविता येईल.