बेपत्ता विमान आणि घरच्यांचा शोध

लढाईचा इतिहास आपण बहुधा सेनापतींच्या नावांनी आणि तहाच्या तारखांनी शिकतो. परंतु विद्यार्थी मित्रहो, त्याच लढाईचा आणखी एक इतिहास असतो. तो घराघरांतून घडतो आणि पुष्कळदा त्याचा आरंभ एका तारेतील एकाच शब्दाने होतो. तो शब्द म्हणजे 'बेपत्ता'.

सन १९४२ च्या एप्रिलअखेर जपानी फौजांनी ब्रह्मदेशातील लाशिओ घेतले आणि चीनला रसद पुरविणारा रस्ता बंद पडला. तेव्हा आसामातील विमानतळांवरून पूर्व हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनमधील कुनमिंग येथे विमानाने माल नेण्यात येऊ लागला. अमेरिकन वैमानिक या डोंगरांना 'हंप' म्हणजे वशिंड म्हणत. १९४५ पर्यंत या मार्गाने सुमारे साडेसहा लाख टन माल गेला, पण सुमारे ६०० विमानेही कोसळली. ढग, बर्फ आणि वादळी वारे हेच तेथले मोठे शत्रू होते.

२५ जानेवारी १९४४ रोजी 'हॉट अ‍ॅज हेल' या नावाचे बी-२४ जातीचे बाँबफेकी विमान कुनमिंगहून आसामातील चाबुआकडे निघाले. आत आठ जण होते. हवा खराब होती. विमान पोहोचलेच नाही. शोध झाला, तोही व्यर्थ गेला. पुढे सरकारने त्या आठांना मृत ठरविले. पण घरच्यांना ना कबर मिळाली, ना ठिकाण.

अशा वेळी नातेवाइकाने शोध घ्यावा तरी कसा? पहिला आधार कागदांचा. १९४३ पासून अमेरिकन हवाई दल प्रत्येक बेपत्ता विमानाचा अहवाल लिहीत असे. त्यात विमानाचा व इंजिनांचा क्रमांक, आतील माणसांची नावे, मार्ग व हवामान यांची नोंद असे. शिवाय प्रत्येक मृताची एक स्वतंत्र फाईल असे आणि तीत घरच्यांची पत्रेही सापडतात. परंतु कागद अमर नसतात. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील दप्तरखान्याला आग लागली आणि सैनिकांच्या एक कोटी साठ लाखांहून अधिक फायली भस्मसात झाल्या. ज्यांच्या घरी जुनी पत्रे व छायाचित्रे जपलेली होती, त्यांच्या हाती निदान तेवढे तरी राहिले.

दुसरा आधार स्थानिक माणसांचा. क्लेटन कूल्स हा अ‍ॅरिझोनाचा गिर्यारोहक अरुणाचल प्रदेशातील गावांतून, जंगलातील मोडक्या विमानांची माहिती असणाऱ्या शिकाऱ्यांना विचारीत फिरला. २००६ च्या डिसेंबरात अप्पर सियांग जिल्ह्यात, आदी लोकांच्या दामरो गावाजवळच्या डोंगरात त्याला या विमानाचे अवशेष मिळाले. सरकारी शोधपथकांना जे गवसले नव्हते, ते एका माणसाने लोकांशी बोलून आणि डोंगर तुडवून शोधले.

तिसरा आधार चिकाटीचा. विमानातील नॅव्हिगेटरच्या पुतण्याने दोन्ही देशांच्या सरकारांकडे सतत पाठपुरावा केला. अमेरिकन पथकाने २००८ मध्ये जागा पाहिली, पण खोदकाम व्हायला २०१५ साल उजाडले. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीहून अवशेष सन्मानाने मायदेशी रवाना झाले. आईकडून मुलांना मिळणाऱ्या एका विशिष्ट आनुवंशिक द्रव्याची तपासणी करून एका लेफ्टनंटची ओळख पटविण्यात आली. जून २०१७ मध्ये, म्हणजे ७३ वर्षांनंतर, जॉर्जिया राज्यातील काँकर्ड या त्याच्या गावी त्याचा दफनविधी झाला. दुसऱ्या महायुद्धातील सत्तर हजारांहून अधिक अमेरिकन आजही बेपत्ता आहेत.

इतक्या वर्षांनी चार हाडे मिळवून काय साधले, असे कोणी विचारील. जिच्या मुलाची कबर नाही, त्या आईला हा प्रश्न पडत नाही. ती दाराकडे पाहत राहते. माणूस गेला, हे कळण्याचाही घराला हक्क असतो.

पालकहो, ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. त्याच युद्धात आपल्या कोकण किनाऱ्यावरील कितीतरी घरांतील माणसे व्यापारी जहाजांवर खलाशी होती. समुद्रात बुडालेल्यांना कबर नसते. पण अशा ६,००० हून अधिक भारतीय नाविकांची व खलाशांची नावे चितगाव आणि मुंबई येथे ठेवण्यासाठी केलेल्या स्मृतिवह्यांत लिहिलेली आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींतही ती शोधता येतात.

म्हणून ट्रंकेच्या तळाशी पडलेले पत्र किंवा खलाशाचे जुने पुस्तक रद्दीत घालू नका. विद्यार्थ्यांनी घरच्या बुजुर्गांना विचारून नाव, गाव, जहाज आणि साल एका वहीत उतरवून ठेवावे. कागद जळतात आणि सांगणारी माणसेही निघून जातात. इतिहासाचा पहिला धडा गिरवण्यासाठी एवढी एक वही पुरेशी आहे.