नांगराचे जस्ती कवच

लोखंडी नांगर खाऱ्या पाण्यात गंजतो, हे आपण जाणतो. त्याला राखणाऱ्या जस्ताची कथा मात्र आपण विसरलो आहोत. १८२४ साली इंग्रज शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तळाचे तांबे वाचविण्यासाठी त्यास जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे वाचले, पण तळावर शिंपले-शेवाळ माजले. तत्त्व मात्र खरे ठरले : एक धातू स्वतः झिजून दुसऱ्याला राखतो. १८३७ साली फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंड वितळलेल्या जस्तात बुडविण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. आज अनेक नांगरांवर तोच लेप असतो. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते. ते संपले की गंज लोखंडाला धरतो. म्हणून लेप विरळ होताच तो पुन्हा चढवावा. आपल्यासाठी झिजणाऱ्याची आठवण आपण वेळीच ठेवावी.