हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडल्यावर : ऑटोरोटेशन आणि त्याचे प्रशिक्षण

एकच इंजिन असलेल्या हेलिकॉप्टरचे इंजिन हवेत बंद पडले की ते दगडासारखे खाली कोसळते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. हेलिकॉप्टर खाली येऊ लागताच हवा पात्यांमधून खालून वर वाहू लागते आणि तिच्या जोरावर मुख्य रोटर फिरत राहतो. या अवस्थेला 'ऑटोरोटेशन' म्हणतात. सायकलचे पायडल थांबले तरी मागचे चाक फिरते, तशाच रचनेचा क्लच बंद पडलेल्या इंजिनापासून रोटरला मोकळे करतो. स्पेनचे अभियंते हुआन दे ला सिएर्व्हा यांचे १९२३ मध्ये यशस्वीपणे उडालेले 'ऑटोजायरो' याच तत्त्वावर आधारलेले होते.

मात्र हे सारे अवलंबून असते ते वैमानिकाच्या पहिल्या हालचालीवर. पात्यांचा कोन नियंत्रित करणारा 'कलेक्टिव्ह' हा दांडा त्याने तत्काळ खाली करावा लागतो. अन्यथा पात्यांची गती घटते, आणि एका मर्यादेपलीकडे घटलेली गती परत मिळवता येत नाही. प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या रॉबिन्सन आर-२२ या हलक्या हेलिकॉप्टरची पाती वजनाने कमी असल्याने तेथे हाती जेमतेम एक-दीड सेकंद असतो. त्याच क्षणी हेलिकॉप्टरचे नाक वळते : अमेरिकी बनावटीच्या बहुतेक हेलिकॉप्टरांत डावीकडे, तर रोटर उलट दिशेने फिरत असल्याने चेतक व चीतामध्ये उजवीकडे. ते पेडलने सावरावे लागते.

त्यानंतर ठरावीक वेग राखून मोकळ्या जागेकडे उतरत जायचे. आर-२२ मध्ये हा वेग सुमारे ६५ नॉट असतो. जमिनीपासून साधारण ४० फुटांवर नाक वर उचलले, की पुढचा वेग कमी होतो आणि रोटरची गती किंचित वाढते. मग हेलिकॉप्टर समतल करून, पात्यांत साठलेली ऊर्जा कलेक्टिव्ह वर ओढून शेवटच्या काही फुटांत खर्च करायची. ही संधी एकदाच मिळते. उंची आणि वेग दोन्ही अपुरे असतील, तर कुशल वैमानिकालाही सुरक्षित उतरणे अशक्यप्राय ठरते. त्यामुळे प्रत्येक हेलिकॉप्टरच्या माहितीपुस्तिकेत टाळावयाच्या उंची-वेगाचा आलेख दिलेला असतो. वैमानिकांत तो 'डेड मॅन्स कर्व्ह' या नावाने ओळखला जातो. नाव भीतिदायक आहे, पण अतिशयोक्त नाही.

या तंत्राचे सर्वांत विलक्षण उदाहरण फ्रान्समधील आहे. २१ जून १९७२ रोजी जाँ बुले यांनी 'लामा' हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेऊन विक्रम केला. खाली येऊ लागताना इंजिन विझले आणि पुन्हा सुरू झाले नाही. बुले तेथून जमिनीपर्यंत ऑटोरोटेशननेच उतरले. याच लामाची हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्याखाली केलेली भारतीय आवृत्ती म्हणजे चीता.

प्रशिक्षणात इंजिन सहसा पूर्ण बंद केले जात नाही. प्रशिक्षक थ्रॉटल कमी करून बिघाडाचा आभास निर्माण करतो, आणि बहुतेक वेळा जमिनीलगत इंजिनाची शक्ती परत घेऊन हेलिकॉप्टर स्थिर केले जाते. थेट जमीन टेकेपर्यंतचा सराव किती करावा, याबाबत मतभेद आहेत. त्यात हेलिकॉप्टरचेच नुकसान होण्याचा धोका असतो. दुसरीकडे, शेवटच्या क्षणाचा अंदाज अन्य कोणत्याही सरावाने तितका पक्का होत नाही. आक्षेपात तथ्य असले तरी दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते. खरा बिघाड प्रशिक्षकाप्रमाणे पूर्वसूचना देत नाही, म्हणून पुढच्या टप्प्यात थ्रॉटल न सांगता कमी केला जातो.

भारतात हवाई दलाचे हेलिकॉप्टर प्रशिक्षण हैदराबादजवळील हकीमपेठ येथे, नौदलाचे तमिळनाडूतील अरक्कोणम येथे, तर लष्कराचे नाशिक येथे होते. चेतक आणि चीता दोन्ही एका इंजिनाची आहेत. त्यांची जागा घेण्यासाठी विकसित केलेले लाइट युटिलिटी हेलिकॉप्टरही एकाच इंजिनाचे आहे.