दोनशे वर्षांच्या विटा

जगातले बघण्यासारखे स्विमिंग पूल शोधा, मोबाइलवर आधी सिंगापूरचा मरीना बे सँड्स येतो: ५७व्या मजल्यावर, आकाशाला टेकलेला. मला मात्र मोहेंजोदडोचं महास्नानगृह बघायचंय.

साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हे कुंड सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. पोहण्यापेक्षा ते धार्मिक स्नानासाठी असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. पाणी झिरपू नये म्हणून भाजक्या विटा अगदी घट्ट बसवल्या, सांधे जिप्समने भरले, मागे डांबराचा थर दिला. इंजिनिअर म्हणून मी इथेच अडकतो.

आता पुण्याचा धागा. १९११-१२मध्ये पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे देवदत्त भांडारकर तिथे गेले. भांडारकर संस्थेला ज्यांचं नाव आहे, त्या रा. गो. भांडारकरांचे हे चिरंजीव. विटा आधुनिक वाटल्या, म्हणून त्यांनी लिहिलं की हे गाव जेमतेम २०० वर्षांचं असावं. दहाएक वर्षांनी त्याच विभागाच्या राखालदास बॅनर्जींनी तिथे खोदकाम सुरू केलं. १९२५-२६च्या उत्खननात स्नानगृह उजेडात आलं.

भांडारकरांना हसू नये. तुलनेला घ्यावं इतकं जुनं काही तेव्हा ओळखलं गेलेलं नव्हतं. चांगलं बांधकाम म्हणजे नवं बांधकाम, हे आपणही गृहीत धरतोच.

नकाशावर सरळ रेघ मारली तर पुण्याहून मोहेंजोदडो दिल्लीपेक्षा किंचित जवळ आहे. भांडारकर सरकारी कामासाठी सहज गेले. माझ्या वाटेत सीमा आहे.