खर्ड्याची लढाई आणि आपला कॉम्प्युटर

आपल्या जामखेड तालुक्यातलं खर्डा. ११ मार्च १७९५ ला मराठ्यांनी इथंच निजामाला हरवलं. त्या काळाची पत्रं आजही वाचता येतात, कारण ती एकाच जागी नव्हती. पेशवे दफ्तर पुण्यात, नाना फडणविसांचं मेणवलीत, पटवर्धनांचं मिरजेकडं.

उलट २१ जून २०१२ ला मंत्रालय पेटलं. ज्या फायलींची दुसरी प्रत नव्हती, त्या कायमच्या गेल्या.

आता खरेदीखत, दाखले, लग्नाचे फोटो, सगळं घरच्या कॉम्प्युटरात. मग तीन प्रती ठेवा मंडळी: एक कॉम्प्युटरात, दुसरी हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा परगावच्या पाहुण्यांकडं. हार्ड डिस्क कायम जोडून ठेवू नका, व्हायरस आला तर दोन्ही जातात. नुसत्या पेन ड्राइव्हवर भिस्त नको. अन् अधूनमधून प्रत उघडून बघा. उघडली तरच ती प्रत!