मोठा चिलर सुरू होताना दिवे का मंदावतात?
मॉल किंवा रुग्णालयाला गार ठेवणारा चिलर सहसा तळघरात किंवा गच्चीवर असतो. त्याच्या कॉम्प्रेसरची मोटर थेट चालू केली, तर पहिले काही सेकंद ती नेहमीच्या 6 ते 8 पट करंट खेचते. व्होल्टेज पडतं, दिवे मंदावतात. वीज गेलेली असताना हे घडलं, तर जनरेटरच ट्रिप होऊ शकतो. रुग्णालयात हे परवडणारं नाही. स्टार-डेल्टा स्टार्टर हा करंट एक-तृतीयांशावर आणतो, पण टॉर्कही तेवढाच उरतो, म्हणून कॉम्प्रेसरवर भार न टाकता मोटर सुरू करावी लागते. सॉफ्ट स्टार्टर व्होल्टेज हळूहळू चढवतो. व्हीएफडी फ्रिक्वेन्सीही बदलतो. त्यामुळे झटका जवळपास नाहीसा होतो आणि गरज कमी असताना मोटर हळू चालून वीज वाचते. दिवसरात्र पूर्ण भारावर चालणाऱ्या चिलरला मात्र ही बचत फारशी मिळत नाही, कारण व्हीएफडी स्वतःही थोडी वीज खातो.